ताईची मान आणि कप्तानाचं सुकाणू

होडी धक्क्यावरून सुटायच्या आधीच ताईच्या पोटात मळमळीवरच्या चार गोळ्या गेल्या होत्या, आणि चार हा आकडा फक्त ताईला ठाऊक होता.

पहिली तिने घरून निघताना स्वतःच घेतली होती. दुसरी धाकट्या बहिणीने गाडीतून उतरताना तिच्या तळहातावर ठेवली. तिसरी औषधवालीने. ही ताईची शाळेपासूनची मैत्रीण. स्वतःचं औषधांचं दुकान चालवायची आणि सगळ्या जगाशी गिऱ्हाईक असल्यासारखं बोलायची. "मुकाट्याने गिळ. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर माझी आठवण काढशील," ती म्हणाली. चौथी गोळी वकीलबाईंची. ही दुसरी मैत्रीण. तिने गोळी दिली आणि वर "कुणाला सांगू नकोस, माझ्याकडे एकच होती," असंही बजावलं. प्रत्येक वेळी ताईला 'मी घेतली आहे' म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं की समोरचीचा चेहरा पडतो, आणि पडलेला चेहरा ताईला बघवत नसे. ती चारदा पाणी प्यायली आणि तिने चारदा "थँक्यू गं" म्हटलं.

ताईला 'नाही' म्हणता येत नव्हतं. दातांच्या कवळ्या बनवण्याचं तिचं काम होतं, आणि तिथेही शेजारच्या टेबलावरच्यांच्या कवळ्या घासून द्यायला तीच बसायची. शिडाच्या होडीची ही सहल धाकटीने ठरवली, कारण लहानपणी ताईच्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर शिडाची होडी असायची. ताईला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं, ही गोष्ट वेगळी. लग्नाआधी एक दिवस फक्त तिच्यासाठी, तिच्या मैत्रिणींबरोबर, असा बेत होता. मग होणाऱ्या सासूबाई फोनवर सहज म्हणाल्या, "मजा आहे बाई तुमची," आणि ताईच्या तोंडून सहज निघालं, "तुम्हीही या ना."

सासूबाई आल्या. बारीक चणीच्या, ताठ पाठीच्या, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. कुठल्याशा हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या. तिथे त्या नेमकं काय करायच्या, हे धाकटीने कधी विचारलं नव्हतं.

धाकटीने मात्र सासूबाईंची धास्ती घेतली होती, आणि त्याला कारण होतं. ताईने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने तिच्या कामाच्या जागेजवळ दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. सासूबाईंचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ही गोष्ट सासूबाईंना कोणी सांगायची? नवरा ताईइतकाच शूर. तो म्हणाला, "तूच सांग ना, तुझं ऐकते ती." महिनाभर धाकटी ताईची तालीम घेत होती.

"मी सासूबाई. विचारते हं. आमच्याकडेच राहणार ना गं?"

"हो," ताई म्हणायची.

"ताई!"

"अगं, तू इतकं गोड विचारलंस!"

आता होडी सुटली. हसऱ्या डोळ्यांचा, मोजकं बोलणारा कप्तान सुकाणूला बसला. शीड फुगलं. ताई डोलकाठीला पाठ टेकून, होडीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून बसली. काळा चष्मा लावून तिने एकदा समोरच्या पाण्याकडे बघितलं, "किती छान..." म्हणाली आणि वाक्य पुरं केलं नाही.

वाक्य का पुरं झालं नाही, हे आधी औषधवालीच्या लक्षात आलं. तिने चष्मा किंचित वर करून बघितलं आणि खाली सोडला.

"ही झोपलीये," ती धाकटीच्या कानात म्हणाली. "गाढ. पण एका गोळीने इतकं व्हायला नको."

"एका कुठल्या? तूही दिलीस?"

"'तूही' म्हणजे?"

वकीलबाईंनी खाकरून एक बोट वर केलं. तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तीन," औषधवाली म्हणाली आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "जिवाला धोका नाही. पण परत येईपर्यंत ही उठत नाही. तोफ डागलीस तरी."

"तिच्याच पार्टीत!" धाकटीला रडू यायचं बाकी होतं. "आणि काकूंना काय सांगायचं? सुनेला औषध पाजलं?"

"काही सांगायचं नाही. चष्मा आहे ना डोळ्यांवर," वकीलबाई म्हणाल्या. "बघतेय, ऐकतेय, शांत मुलगी आहे. विषय संपला."

विषय संपला नाही, कारण नेमक्या तेव्हा सासूबाई उठल्या, ताईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. घड्याळाकडे बघितलं. मग बोलायला सुरुवात केली.

"बरं झालं निवांत भेटलीस. एक विचारायचं होतं. लग्नानंतर तुम्ही दोघं आमच्याकडेच राहणार ना?"

होडी समोरून येणाऱ्या लाटेवर चढली आणि उतरली. ताईची मान वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. इतका मनापासून होकार ताईने जागेपणीही कधी दिला नव्हता.

"वरची खोली तुम्हाला. मोकळी करून ठेवते."

मान वर, खाली.

"तुझं काम मात्र लांब पडेल. सोडशील म्हणा."

मान वर, खाली. मोठी लाट होती. हनुवटी थेट छातीला लागली.

"मेलो," धाकटी पुटपुटली. "ती सगळ्याला हो म्हणतेय."

"झोपेत दिलेली संमती ग्राह्य धरत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या.

"कुठे धरत नाहीत?"

"कोर्टात."

"आणि सासूसमोर?"

वकीलबाई उठून ताईच्या मागे जाऊन बसल्या.

धाकटी एका कारखान्यात यंत्रांची कंपनं मोजायची. कुठला पंप किती थरथरतो आणि कुठल्या दिशेने, हे बघण्यात तिचा दिवस जायचा. त्यामुळे इतर कुणाला जिथे वाया जाणारं आयुष्य दिसलं असतं, तिथे तिला काही क्षणांनी एक साधं तत्त्व दिसलं. लाट समोरून आली की होडी पुढेमागे डुलते, आणि मान वरखाली होते. लाट बाजूने आली तर? ती अर्धवट वाकून, दोर ओलांडत कप्तानाकडे धावली.

"दादा, होडी वळवा."

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही. नुसती वळवा. लाट बाजूने आली पाहिजे."

"बाजूनं आली की लई हलते होडी. लोक तर उलटं सांगतात, हलवू नका म्हणून."

"आम्हाला हलवायचीच आहे!"

कप्तानाने तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि सुकाणू दाबलं. "डोकी सांभाळा!" शिडाचा आडवा दांडा सगळ्यांच्या डोक्यांवरून सर्रकन गेला, होडी फिरली आणि डावी-उजवीकडे डोलू लागली. ताईची मानही डावीकडे गेली, मग उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. स्वच्छ, ठाम नकार. धाकटीने महिनाभर जे शिकवलं होतं, ते होडीने एका वळणात करून दाखवलं.

सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं. 'वैतागल्या,' धाकटीला वाटलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"एक खरं सांग. माझा मुलगा तुला मनापासून आवडतो ना?"

मान डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे.

"वळवा!" धाकटी किंचाळली.

"परत?"

"लवकर, दादा! लग्न मोडतंय!"

"डोकी सांभाळा!"

दांडा सर्रकन परत आला. औषधवालीने एक हात तोंडावर धरला. धक्क्यावर ताईला दिलेली गोळी खरं तर तिने स्वतःसाठी आणलेली होती. ती कठड्याकडे गेली, आणि पुढचा बराच वेळ तिची फक्त पाठ दिसत राहिली.

"त्याच्याबरोबर सुखात राहशील ना?" वर, खाली. धाकटीने श्वास सोडला.

"म्हणजे मग आमच्याकडेच राहाल," सासूबाई म्हणाल्या, आणि होडी अजून सरळच होती.

"वळवा!"

यानंतर काय काय झालं, ते त्या पाण्यावरच्या इतर होड्यांनी कौतुकाने बघितलं असणार. एक होडी, जिला कुठेच जायचं नव्हतं, ती सारखी दिशा बदलत होती. सासूबाईंचा प्रश्न अर्धा झाला की धाकटी तो ओळखायची आणि हात करायची. डावा हात म्हणजे नकार, उजवा म्हणजे होकार. कप्तानाला आता यात गोडी लागली होती. कधीकधी तो हाताआधीच वळायचा. "आता घर म्हणतील बघा," तो म्हणाला, आणि सासूबाई खरंच घराबद्दल बोलल्या. वकीलबाई ताईच्या मागे दडून तिची मान दोन्ही हातांनी नुसती आधाराला धरून बसल्या होत्या. 'साक्षीदारावर दबाव आणायचा नाही,' असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

एकदा चूक झालीच. "मुलं लगेच नकोत ना?" असा प्रश्न आला, आणि याला हो म्हणजे नको की हो म्हणजे हवीत, हे धाकटीला ठरवता येईना. तिने दोन्ही हात वर केले. कप्तान गोंधळला. होडी तिरकी झाली आणि ताईची मान गोल फिरली, एकदा अशी आणि एकदा तशी.

"बघू म्हणतेस," सासूबाई समजूतदारपणे म्हणाल्या.

मग वारा पडला. शीड लुळं झालं, पाणी तेलासारखं सपाट. ताईची मान छातीवर पडली आणि तिथेच राहिली. ना हो, ना नाही. ती बारीकशी घोरली.

धाकटीने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं, ताईच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि नंतर एक शब्दही बोलल्या नाहीत. तो अबोला धाकटीला बोलण्यापेक्षा भयंकर वाटला. होडीच्या छोट्या इंजिनावर धक्का गाठेपर्यंत तिने मनातल्या मनात आईला, बाबांना, होणाऱ्या मेहुण्याला आणि मंडपवाल्याला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवून ठेवली.

कप्तानाने दोर बांधला. त्या हिसक्याने ताई जागी झाली. तिने चष्मा काढला, समोरचा धक्का बघितला.

"अजून सुटलीच नाही का होडी?"

सासूबाईंनी तिचा हात आता कुठे सोडला.

"सुटली, फिरली, परत आली. नाडी छान आहे तुझी. किती गोळ्या घेतल्यास?"

"चार," ताई म्हणाली.

"चार!" तिघी एकदम ओरडल्या.

"एक मी घरूनच..."

धाकटीच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. हात. घड्याळ. "काकू, तुम्हाला माहीत होतं? ती झोपलीये हे?"

"अगं, अख्खी नोकरी मी लोकांना भूल देण्यात घालवली. झोपलेला माणूस मला कळणार नाही?"

"ताई, तू सांगितलं नाहीस!"

"सांगितलं की, हॉस्पिटलात होत्या म्हणून."

"मग काकू, तुम्ही तिला प्रश्न का विचारत होतात?"

सासूबाई पहिल्यांदाच थोड्या अवघडल्या. "भूल दिलेल्या माणसाशी बोलत राहायची सवय आहे मला. आणि खरं सांगू? हे सगळं हिला विचारायची मला धास्ती वाटत होती. म्हटलं, आहे झोपलेली, तर तालीम करून घ्यावी." त्या कप्तानाकडे वळल्या. "होडी का नाचतेय ते आधी कळेना. मग म्हटलं, कोणाचातरी हिच्यावर फार जीव आहे. मला तर मजा यायला लागली. मुलांचा प्रश्न मुद्दाम टाकला."

धाकटीने तोंड ओढणीत लपवलं.

"आता जागेपणी विचारते," सासूबाई म्हणाल्या आणि ताईसमोर ताठ बसल्या. "लग्नानंतर आमच्याकडे राहणार का?"

होडी बांधलेली होती. पाणी हलत नव्हतं. वळवायला काही उरलं नव्हतं. ताईने बहिणीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. गोळ्यांची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. कदाचित त्यामुळेच समोरचा चेहरा पडेल की काय, हे तिला नीट दिसलं नसावं.

"नाही," ताई म्हणाली.

स्वतःच्याच आवाजाने ती दचकली.

"सुटले!" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "निवृत्त झाल्यापासून त्या वरच्या खोलीत मी एकटी निवांत बसते. कुणी कण्हत नाही, कुणी हाक मारत नाही. ती खोली तुम्हाला द्यावी लागते की काय, या काळजीने माझी झोप उडाली होती. पण विचारायला तर हवं! उद्या जाऊबाई म्हणतील, विचारलंही नाहीस."

ताईच्या जिभेला काहीतरी नवीनच चव लागल्यासारखं झालं होतं. औषधवाली, अजून पांढरीफटक, तिच्यासमोर पाण्याची बाटली घेऊन आली. "पाणी?"

"नाही."

"पार्टीचा केक तरी काप," वकीलबाई म्हणाल्या.

"नाही. आधी मला होडीत फिरायचंय. माझी होडी, आणि मी बघितलीच नाही."

"वारा उठतोय," कप्तान म्हणाला.

"मग अर्धी गोळी घेशील?" धाकटीने विचारलं.

"नाही!" ताई आता हसत होती. तिला थांबवणं अवघड दिसत होतं.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू चिंता उमटली. "अगं, एक विचारू? लग्न तरी करायचंय ना?"

कप्तानाने सवयीने सुकाणूला हात घातला, धाकटीकडे वाकला आणि कुजबुजला, "वळवू?"

धाकटीने धक्क्याच्या दोराकडे बघितलं. तो ताठ होता. मग तिने ताईकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "थांबा."

ताईची मान वर गेली आणि, एकही लाट नसताना, खाली आली.