मारत नाही, सबब औषध नाही

शिंप्याच्या उजव्या पायाच्या जखमेत असे जंतू निघाले, की रुग्णालयातल्या एकाही प्रतिजैविकाला त्यांनी भीक घातली नाही. शुक्रवारी पाय कापायचं ठरलं. शिंप्याचं मशीन पायानेच चालायचं.

संशोधन विभागातल्या डॉक्टरीणबाईंकडे एक गोळी होती. ती जंतूंच्या वाटेला जात नसे. रक्तातल्या सुस्तावलेल्या पांढऱ्या पेशींना उठवून कामाला लावत असे. चाचण्या झाल्या होत्या, मंजुरी तेवढी उरली होती. अर्ज औषध समितीपुढे गेला.

"रकाना सात," अध्यक्ष म्हणाले. "'औषध जंतू मारते काय?' तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"पेशी मारतात, साहेब. गोळी त्यांना फक्त जागं करते."

"मग पेशींनी अर्ज करायचा."

"त्या रुग्णाच्याच आहेत, साहेब."

"म्हणजे राबायचं त्याने आणि नाव गोळीचं? बाई, हे आमच्या कार्यालयात चालतं. औषधात नाही."

समितीने एकमताने ठरवलं: मारत नाही, सबब औषध नाही, शक्ती वाढवते, सबब टॉनिक. टॉनिकला मंजुरी लागत नसल्यामुळे ती तत्काळ देण्यात आली. संशोधन विभागात टॉनिक ठेवता येत नाही, म्हणून सगळा साठा त्याच संध्याकाळी फाटकासमोरच्या दुकानात विक्रीला गेला.

डॉक्टरीणबाई डबी आणायला निघाल्या, तर वॉर्डाच्या मुख्य सिस्टरने हटकलं. "टॉनिक निरोगी माणसांसाठी असतं. हा निरोगी आहे का?"

"निरोगी असता तर इथे कशाला झोपला असता?"

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

शिंप्याची बायको हात जोडून म्हणाली, "सिस्टर, एक दिवस ह्यांना निरोगी लिहा ना."

"लिहिते की! पण मग खाट सोडावी लागेल."

शुक्रवारी सकाळी शिंपी कागदोपत्री ठणठणीत झाला आणि बायकोच्या खांद्यावर भार टाकून लंगडत दुकानात पोहोचला.

"संपलं," दुकानदार म्हणाला. "सहा डब्या तर अध्यक्षसाहेबांनीच नेल्या."

दोघं परत आले, तोवर खाट भरली होती. शिवाय निरोगी माणसाचा पाय कापायला सक्त मनाई आहे. त्यामुळे तूर्त पाय वाचला आहे. शिंप्याचं काही सांगता येत नाही.

शेवटची डबी कुणी नेली, हे मात्र दुकानदाराला पक्कं आठवतं. तुम्हीच. तब्येत खणखणीत, घाईत होतात. एवढंच विचारलंत, "एकीवर एक फुकट नाही का?"