भोकावरचा त्रिकोण

"माणूस काम का करतो, हे मी एका तासात सिद्ध करून दाखवतो!" असं गुरुजींनी इतक्या जोरात सांगितलं की मोठ्या साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या नोकरीत साहेबांनी गुरुजींकडे नीट पाहण्याची ही पहिलीच वेळ!

गुरुजी म्हणजे शाळेतले नव्हेत. इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या कारखान्यात ते प्रशिक्षण अधिकारी होते. कोणी शिंकलं तरी त्यामागचं मानसिक कारण सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. सध्या कारखान्याचा इस्त्रीचा हॉल मागे पडला होता. चादरींचे ढीग छताला टेकू पाहत होते. साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेर ढीग उतरले नाहीत तर हॉल बंद आणि तिथल्या सव्वीस बायका घरी. त्या सव्वीस जणींत गुरुजींची बायकोही होती!

ढीग का साचतात, हे तिनं डबा भरता भरता नवऱ्याला फुकटात सांगितलं होतं. "अहो, खिडकी फळ्यांनी बुजवून तिथं वाफ ओढणारा पंखा बसवला होता. आठ महिन्यांपूर्वी तो दुरुस्तीला नेला, तो नेलाच! आता फळ्यांच्या मधे ताटाएवढं भोक आहे. त्यातून येईल तेवढीच हवा. इस्त्रीच्या तापलेल्या रोलरसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"मग फळ्या काढा की!"

"आमच्या मुकादम अक्कांनी एक उचकटायला घेतली होती. मालमत्तेची नासधूस म्हणून मेमो मिळाला. तुम्ही साहेबांना सांगा, पंखा लावा. ढीग आम्ही उतरवतो."

"सांगतो म्हणजे काय! आज भाषणातच विषय काढतो. नाही काढला तर नाव बदलीन!"

भाषणाला साहेब स्वतः येऊन बसले. गुरुजींनी फळ्यावर मोठा त्रिकोण काढला, त्याच्या पाच पायऱ्या केल्या आणि घसा साफ केला.

"प्रेरणा म्हणजे काय? माणसाला आतून ढकलणारी शक्ती! आधी गरज निर्माण होते. गरजेमुळे जीव अस्वस्थ होतो. अस्वस्थ झाला की माणूस हालचाल करतो. समजलं?"

"समजलं," अक्का म्हणाल्या. "मला आत्ता बाहेर जाऊन पाणी प्यावंसं वाटतंय, तसंच ना?"

"अगदी बरोबर! ती सगळ्यात खालची पायरी. अन्न, पाणी, हवा, झोप. ती भागली की सुरक्षितता. मग आपली माणसं, मग मानसन्मान आणि सगळ्यात वर आत्मपूर्ती! म्हणजे आपण जे होऊ शकतो ते होणं."

"ते वरचं रविवारी बघू," अक्का म्हणाल्या. "खालच्या पायरीवर हवा आहे म्हणालात. आमचा पंखा तेवढा लावा की!"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू आता तो खिशातून पंखाच काढणार. साहेब गुरुजींकडे वळले. "काय हो, शास्त्र काय म्हणतं?"

इथंच घात झाला! साहेबांनी आपल्याला शास्त्र विचारलं, या आनंदानं गुरुजी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दुसरा एक सिद्धांत त्यांच्या जिभेवर आला आणि त्यांना तो गिळवेना.

"साहेब, शास्त्र असं म्हणतं की पंखा, पाणी, बसायला स्टूल या गोष्टी नसल्या की माणूस कुरकुरतो. पण असल्या म्हणून त्याला हुरूप येतोच असं नाही. हुरूप येतो कौतुकानं, जबाबदारीनं!"

"म्हणजे पंख्यानं काम वाढणार नाही?"

गुरुजींना बायकोची नजर जाणवली. पण शास्त्र तोंडातून बाहेर पडलं होतं. "सिद्धांतानुसार... नाही."

"शाब्बास! मग हा त्रिकोणच छापून लावा हॉलमध्ये!"

नाव बदलायची वेळ आली होती, पण गुरुजींना त्याचं भान कुठलं! सहा फुटी, रंगीत, जाड पुठ्ठ्याचा बोर्ड तयार झाला. सुतारानं विचारलं, "कुठं ठोकू?" भिंतींवर सगळीकडे नळ्या होत्या. गुरुजी सोनेरी अक्षरं न्याहाळण्यात गुंग होते. "समोर ठोक. काम करताना सगळ्यांना दिसला पाहिजे!" सुतारानं समोर मोकळी दिसली ती जागा धरली आणि बोर्ड थेट फळ्यांवर ठोकला. भोक बुजलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींची बायको रोलरमध्ये चादर घालता घालता कोसळली. पडताना तिचा उजवा हात मशीनच्या तापलेल्या पत्र्यावर टेकला. किंकाळी गुरुजींना ऑफिसात ऐकू आली. ते धावत पोचले तोवर अक्कांनी मशीन बंद केलं होतं आणि चौघी जणी बोर्डाला लोंबकळत होत्या.

"अहो, नवीन बोर्ड आहे!" गुरुजी ओरडले. त्यांना स्वतःलाच ते ऐकून लाज वाटली, पण ओरडून झालं होतं.

"ओढा गं!" अक्कांनी हाक दिली. बोर्ड तर निघालाच, त्याच्या खिळ्यांबरोबर कुजक्या फळ्याही निघाल्या आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये अख्खी खिडकीभर हवा आली. त्रिकोणाचं टोक मोडून अक्का गुरुजींच्या बायकोला वारा घालू लागल्या. आत्मपूर्ती अशी कोणाच्या तरी उपयोगी पडली! तिचा हात मात्र कोपरापर्यंत भाजला होता.

पुढच्या दहा दिवसांत ढीग उतरले. पंचवीस बायकांनी उतरवले. महिनाअखेरीला साहेबांनी गुरुजींना केबिनमध्ये बोलावलं.

"हॉल वाचला, गुरुजी! हा तुमच्या त्रिकोणाचा प्रताप. उत्साहाच्या भरात बायकांनी बोर्ड तोडला म्हणे?"

गुरुजींच्या ओठांवर सगळं आलं होतं. साहेब, ती हवा होती. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. आठ-दहा शब्दांचं तर काम! तेवढ्यात साहेबांनी बढतीचं पत्र पुढे सरकवलं. 'प्रेरणा प्रमुख' असं त्यावर ठळक छापलं होतं.

"नवा बोर्ड त्याच जागी लावू. या वेळी पत्र्याचा, म्हणजे तुटायला नको! ठीक?"

"ठीक," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले, पत्र शर्टाच्या खिशात घालून. बायको खिडकीशी बसली होती, उजवा हात पट्ट्यांनी गुंडाळून मांडीवर ठेवलेला.

"साहेबांनी बोलावलं होतं ना? खिडकीचं बोललात?"

"जरा दम तर घेऊ दे. घसा कोरडा पडलाय. पाणी दे आधी."

तिनं एकदा आपल्या हाताकडे पाहिलं, एकदा त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या पत्राकडे.

"पाणी सगळ्यात खालच्या पायरीवर असतं," ती म्हणाली. "वरून उतरा आणि तुमचं तुम्ही घ्या."

गुरुजी मुकाट्यानं उठले, माठापाशी गेले आणि उभ्याउभ्याच दोन पेले पाणी प्यायले.