ज्यांनी काहीच पाहिलं नाही

कुटुंब न्यायालयात मुलाच्या हितापुढे दुसऱ्या कशालाही किंमत नाही. तसं तिथल्या दारावरच लिहिलेलं आहे. फक्त ते इतक्या उंचावर लिहिलंय की कुठल्याही मुलाला वाचता येऊ नये.

त्या दारातून एक शिवणकाम करणारी बाई आत आली. तिची मागणी साधी होती. आपली सात वर्षांची मुलगी दर शनिवारी मुक्कामाला बापाकडे जाणार असेल, तर तिथे तिसरं कुणीतरी माणूस हजर असावं. बाप दंतवैद्य होता. गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला आणि हसला की समोरच्याला आपल्याच दातांची लाज वाटावी असा.

"तिसरं माणूस कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते मारतात, साहेब. माझा हा पुढचा दात त्यांनीच पाडला."

न्यायाधीश पुढे वाकले. दात जागेवर होता. चांगला होता.

"हा तर आहे की."

"हा नंतर बसवलेला आहे. तोही त्यांनीच बसवला."

दंतवैद्याच्या वकिलांनी ताबडतोब उठून ही गोष्ट नोंदवून घेण्याची विनंती केली. पतीने पत्नीच्या दातावर घरच्या घरी तत्पर उपचार केले, अशी नोंद झाली. काळजीवाहू स्वभावाचा पुरावा म्हणून ती पुढे बरीच उपयोगी पडली.

"बाई, तुम्ही पक्षकार आहात," न्यायाधीश समजुतीच्या सुरात म्हणाले. "मार तुम्हाला बसलेला. तुमचं मत कलुषित असणारच. कोर्टाला निःपक्षपाती साक्षीदार लागतो."

तेव्हा शेजारीण उभी राहिली. तिने उघड्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

"हे पाहिल्यापासून माझ्या अशिलाबद्दल तुमचं काय मत आहे?" वकिलांनी विचारलं.

"काय असणार? त्याला काय हार घालू?"

"बघा साहेब. पूर्वग्रह."

शेजारीण बाद झाली. जाताना ती आईच्या कानाशी लागली, "अगं, मी डोळे मिटून बघायला हवं होतं का?" खरं तर कायद्याचं सार तिने नेमकं पकडलं होतं, पण तिला विचारतो कोण.

मग न्यायालयाने स्वतःचंच माणूस नेमलं. समुपदेशक बाईंनी बापलेकीची भेट खेळण्यांच्या खोलीत ठरवली. भिंतीवर हसरा सूर्य, कोपऱ्यात एक डोळा गेलेलं अस्वल. दंतवैद्य हसत आत आला आणि मुलगी टेबलाखाली गेली. बाईंनी त्याला फक्त एवढंच विचारलं, "ती अशी का करते?" दंतवैद्याने हसू न सोडता दार लावून घेतलं. बाईंची बोटं तेव्हा चौकटीत होती.

त्यांनी अहवाल डाव्या हाताने लिहून दिला.

"साहेब, बाईंचा माझ्यावर राग आहे," दंतवैद्य खेदाने म्हणाला. "दारावरून."

न्यायाधीशांनी अहवाल लांब धरून पाहिला. "हो. अक्षरातच दिसतोय." बाईंची बोटं मोडली असल्यामुळे त्यांचा आता या प्रकरणात वैयक्तिक संबंध आला होता. त्यांना मोकळं करण्यात आलं आणि रजा स्वतःच्या खात्यातून घ्यायला सांगण्यात आलं.

दुसरे समुपदेशक नेमताना न्यायालयाने अधिक काळजी घेतली. त्यांनी आधीचे कागद वाचायचे नाहीत, आईला भेटायचं नाही, मुलीला भेटायचं नाही आणि दंतवैद्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. गृहस्थ कामाला वाघ. त्यांनी ठरल्या मुदतीच्या आत अहवाल दिला की आक्षेपार्ह असं काहीही आढळलं नाही. इतका स्वच्छ अहवाल गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, असं न्यायाधीश भरकोर्टात म्हणाले.

"साहेब, निदान मुलीला तरी विचारा," आईची वकीलबाई म्हणाली.

"मुलगी तर जन्मापासून त्यांच्यासोबत राहिली आहे. तिच्याइतका पूर्वग्रह कुणाचा असेल?" तरी साहेब मनाने मोठे. त्यांनी मुलीला आईसोबत आपल्या खोलीत बोलावलं, बिस्किट पुढे केलं.

"बाळा, तू टेबलाखाली का जातेस?"

"बाबा हसले की जाते."

न्यायाधीशांनी आईकडे रोखून पाहिलं. मग मुलीला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. वडील मुलीच्या शिक्षणात जातीने लक्ष घालतात, असं त्यांनी लिहून घेतलं.

निकालाच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. वकीलबाईने पुन्हा दाताचा विषय काढला. दंतवैद्य हसला आणि त्याने टेबलावरचा काचेचा जड पेपरवेट उचलून भिरकावला. नेम वकीलबाईवर होता, पण तो गेला न्यायाधीशांच्या कानाला घासून.

आईचं गाऱ्हाणं ऐकायला वर्षं लागली होती. आता पोलीस डोळ्याचं पातं लवण्याआधी हजर.

"हा माणूस धोकादायक आहे!" न्यायाधीश टेबलाखालून ओरडले.

वकीलबाई गुडघ्यावर बसली आणि तिने टेबलाखाली डोकावून नम्रपणे म्हटलं, "साहेब, आम्ही हेच सांगत होतो. आता तेवढा आदेश द्या."

न्यायाधीश तत्त्वाचे पक्के. त्यांनी कपडे झटकले, खुर्चीवर बसले आणि जाहीर केलं की प्रतिवादीबद्दल आपलं आता मत बनलं आहे; सबब हे प्रकरण आपण ऐकू शकत नाही.

नवे न्यायाधीश आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. पेपरवेटचं प्रकरण वेगळं, त्याचं न्यायालय वेगळं, आणि दंतवैद्याने लेखी माफीही मागितली होती. उरला पुरावा एकच: दुसऱ्या समुपदेशकांचा अहवाल. आदेश झाला की मुलीने दर शनिवारी बापाकडे मुक्कामाला जावं, तिसऱ्या माणसाची गरज नाही. आईने आडकाठी केल्यास ते असहकार्य समजून मुलीचा पूर्ण ताबा बापाला देण्याचा विचार होईल. शिवाय सुरक्षिततेसाठी न्यायालयातले सगळे पेपरवेट हलवण्यात यावेत.

पेपरवेट त्याच दुपारी हलवले.

आता हे सगळं तुम्हीही वाचलंत. दंतवैद्याबद्दल तुमचं काही मत बनलं असेल, तर तुम्हीही बाद. बनलं नसेल, तर समुपदेशकाची एक जागा रिकामी आहे, अर्ज करा.

शनिवारी मुलगी बापाच्या घरी गेली. तिला सोडायला आईच गेली होती.