मुलुंडमधलं गायरान

आमच्या सोसायटीतले दगडूमामा कुठल्याही जमिनीचं मोजमाप शेळ्यांत करतात. समोर नवा टॉवर उठला, तेव्हा आम्ही सगळे फ्लॅटचे भाव ऐकून उसासे टाकत होतो आणि मामा मान वाकडी करून म्हणाले, "हितं पंधरा शेरडं हसत चरली असती!" टीव्हीवर क्रिकेट लागलं की सामना गेला खड्ड्यात, मामा मैदानातलं गवत बघतात.

मामा मूळचे माणदेशातले. वायरमन म्हणून मुंबईत आले, निवृत्त झाले आणि आता आमच्या शेजारी एकटेच राहतात.

इमारतीमागे सोसायटीचा एक मोकळा तुकडा आहे. पाऊस सुरू झाला तशी मामांनी त्याला चौफेर सुतळी बांधली आणि जाहीर केलं, "गायरान बंद! बी पडंस्तवर कुणी पाय टाकायचा न्हाई. दिवाळीच्या तोंडावर उघडू." त्यांच्या गावी असंच कुरण राखायचे म्हणे, आणि मग एकाच दिवशी सगळ्या गावाला खुलं करायचे. आमच्या पोरांना हे कोण सांगणार? चेंडू आत गेला की मामा काठी घेऊन हजर. तमाम आयांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली.

"मामा, आपल्याकडे एक पण शेळी नाहीये ना!" मी वैतागून म्हटलं.

"ते गवताला काय म्हाईत?"

मग वार्षिक सभा आली. सेक्रेटरी सावंतांनी ठराव मांडला, मागच्या तुकड्यावर फरशी घालून पार्किंग करायचं. मी खूश! माझी गाडी रोज रस्त्यावर उन्हात तापते. पण मामा ताडकन उठले.

"गायरान कुणा एकाच्या दावणीला बांधत न्हाईत! गाडीवाल्याला जागा, आन बाकीच्यांनी काय खिडकीतनं बघायचं?"

"अगो बाई, खरंच की," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे कुठेय गाडी?"

झालं! विरोधात भराभर हात वर होऊ लागले. शेवटी मतं अगदी बरोबरीत आली आणि माझ्या बायकोने माझाच हात धरून वर केला. ठराव पडला! पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की सावंतांनाही हसू आलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, मामा फेटा बांधून आले. पोरं बॅटी घेऊन सुतळीला चिकटलेली. मामांनी गाठ सोडली, पोरं सुटणार तोच काठी आडवी आली.

"थांबा! ज्याला शेत न्हाई त्यो आधी. रीत हाय."

आता आमच्यात शेत कुणाला आहे? मामा सरळ जिन्यापाशी गेले. घरकाम करणाऱ्या शोभाताई आणि त्यांच्या मैत्रिणी रोज दुपारी तिथे पायऱ्यांवर डबे उघडतात, आणि कुणी आलं-गेलं की अंग चोरून पाय पोटाशी घेतात.

"चला गं पोरींनो, आत बसून जेवा."

त्या लाजत लाजत आत गेल्या आणि गवतात ऐसपैस पाय पसरून बसल्या. मग काय, मागून पोरं उधळली, नुसता कल्ला!

मामा मात्र त्या बायकांकडेच बघत उभे होते.

"गावी पहिलं कोण जायचं मामा?" मी विचारलं.

"माझी आई. तीन शेरडं घिऊन. समदा गाव काठाला थांबायचा तिच्यापायी." मामांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. "तेवढा एक दिस तिला कुणी 'बाजूला हो' म्हणायचं न्हाई."