पाळीव जंतू

सबिहाच्या नव्या दवाखान्यात सगळ्यात आधी कोण आलं असेल, तर एक मेलेला झिंगा. दवाखाना दातांचा, तोही खास लहान मुलांचा, अहमदपूरच्या बसस्टँडजवळ. उद्घाटनाला सहा आठवडे होते. मुलांनी रडू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी मांडली होती. त्यात नारिंगी मासे सोडायचे होते. पण मासे अजून हैदराबादेत होते आणि टाकीत तूर्त कापडात बांधलेला झिंगा कुजत होता. सबिहाचे वडील लालमहंमद दारातच नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

"बेटा, हे काय हाय?"

"झिंगा, अब्बा. हा कुजला की पाण्यात जंतू वाढतात. चांगले जंतू. माशांची घाण तेच पचवतात. ते नसले तर मासे दोन दिवसांत खलास."

"म्हणजे तू मुद्दाम जंतू वाढवून राहिलीस?"

"हाव. सहा आठवडे टाकीला कुणी हात लावायचा न्हाई. शेवाळ आलं तरी न्हाई. ते येतंच पहिल्यांदा."

आता लालमहंमदांची पंचाईत अशी, की त्यांनी पाणीपुरवठ्याच्या नोकरीत एकतीस वर्षं गावाच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली होती. जंतू हा शब्द ऐकला की त्यांचा हात आपोआप पावडरच्या डब्याकडे जाई. रिटायर होताना एक डबा ते आठवण म्हणून घरी घेऊन आले होते. दुसरे लोक शाल-श्रीफळ आणतात.

शिवाय दवाखान्याची काळजी सबिहापेक्षा त्यांनाच जास्त होती. तो चालला नाही, तर ती पुण्याला नोकरी धरणार होती. पोरगी गावातच राहावी असं त्यांना फार वाटे. हे ते कुणाला बोलले नव्हते, पण त्यांच्या बायकोला, बेगमबीला, न बोलता कळलं होतं.

चौथ्या आठवड्यात दातांची खुर्ची आणायला सबिहा दोन दिवस नांदेडला गेली आणि किल्ली अब्बांकडे देऊन गेली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच प्रकार. लालमहंमदांनी कुलूप उघडून पाहिलं, तर काचेवर चहाच्या गाळासारखा तपकिरी थर. उद्घाटनाला अख्खं गाव येणार, आणि पाणीवाल्याच्या पोरीच्या टाकीत हे असलं पाणी! त्यांनी घरून डबा आणून पावडर फक्त दोन चमचे टाकली. मग अंदाज चुकू नये म्हणून आणखी दोन.

सबिहा परतली तेव्हा टाकी लख्ख होती. तिनं वास घेतला.

"अब्बा, समुद्राला नळाचा वास का येऊन राहिला?"

"साफ केली बेटा!" लालमहंमद छाती फुगवून म्हणाले. "एक जंतू शिल्लक न्हाई!"

सबिहा प्लॅस्टिकही न काढलेल्या नव्या खुर्चीवर मटकन बसली. "अब्बा, मी तेच पाळले होते."

लालमहंमदांचं तोंड एवढंसं झालं. घरी बेगमबीनं वरून मीठ चोळलं. "एकतीस वर्षं गावाचे मारले, आता पोरीचे मारले. एवढे तरी सोडायचे होते."

सगळं पाणी फेकलं, दगड धुतले, नवं पाणी, नवं मीठ, नवा झिंगा. उद्घाटनाला उरले दोन आठवडे. लालमहंमदांनी भरपाई करायची ठरवली आणि गणित मांडलं. एका झिंग्याला सहा आठवडे लागतात, तर पाव किलो सुकटीला किती? उत्तर दोन दिवसांच्या आत येत होतं. त्यांनी आठवडी बाजारातून सुकट आणून गुपचूप टाकीत सोडली. अंधारात जंतूंना करमणार नाही म्हणून दिवाही दिवसरात्र चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी वास बसस्टँडपर्यंत गेला. चौथ्या दिवशी गल्लीतली सगळी मांजरं दवाखान्याच्या पायरीवर नंबर लावून बसली. सबिहानं सुकट उपसून काढली, पण एवढं खत आणि एवढा उजेड मिळाल्यावर शेवाळाला कोण आवरणार? काच हिरवीगार झाली. मासे काही उद्घाटनाला येत नव्हते.

"राहू द्या अब्बा. तुम्ही चांगल्यासाठीच केलं," एवढंच ती म्हणाली, आणि मोबाईलवर पुण्याच्या जागा बघत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लालमहंमदांना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

उद्घाटनाला लोक आले, सरबत प्याले आणि टाकीत डोकावले. "मासे कुठं हायत?" प्रत्येकानं विचारलं. "आतच हायत. पडदा करून राहिलेत," बेगमबी प्रत्येकाला सांगत होती.

पहिली पेशंट शेजारच्या कावेरीबाईंची नात रेणुका. वय सात, दाढ किडलेली. माशांच्या आमिषानं आणली होती. हिरवी काच पाहताच तिनं भोकाड पसरलं.

"मासे न्हाईत! आज्जी लबाड बोलली! मी तोंड उघडत न्हाई!"

"आगं, डॉक्टर बघत्याय नुसतं," कावेरीबाई म्हणाल्या. पण तोवर मागची सहा पोरंही सुरात सूर मिळवून रडायला लागली. पोरं अशी रडत घरी गेली, तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. सबिहा दारात उभी होती. तिचा चेहरा लालमहंमदांना बघवेना.

काय करावं ते सुचेना, तेव्हा हात गावच्या टाक्या घासायच्या जुन्या सवयीनं चालले. मुलांना फुकट द्यायला ठेवलेल्या ब्रशांतला एक त्यांनी उचलला, बाही वर केली आणि टाकीची काच आतून घासायला लागले.

रेणुकाचं रडणं अर्ध्यावर थांबलं. "काय करून राहिलाव?"

"दात घासून राहिलो टाकीचे. लई दिवस घासले न्हाईत तिनं."

"मला बी द्या."

तिला स्टुलावर उभी केली. तिनं जीव लावून घासलं. हिरव्या काचेत ताटाएवढी खिडकी झाली, आणि पलीकडून सबिहा डोकावली.

"भारी साफ केलंस गं! आता तुझ्या दातांवर शेवाळ हाय का बघू?"

रेणुकानं आ वासला. मागची सहा पोरं डोळे पुसत ब्रशसाठी रांगेत उभी राहिली. पुण्याच्या जागांचा विषय त्या दिवसानंतर घरात निघाला नाही.

दोन महिन्यांनी टाकी तयार झाली. हैदराबादेहून दोन नारिंगी मासे आले, सोबत शेवाळ खाणाऱ्या दहा गोगलगायी. आठवड्यात काच आरशासारखी झाली. मग एका सकाळी सबिहानं मोजल्या, तर टाकीत एकही गोगलगाय नव्हती. त्या मागच्या मोरीत खाऱ्या पाण्याच्या बादलीत, हवेचा पंप लावून, आरामात बसल्या होत्या.

"अब्बा!" तिनं हाक मारली. "ह्या इथं कशा?"

लालमहंमद टाकीच्या दिव्याचा उजेड वाढवत होते. "सुट्टीवर पाठवल्यात चार दिवस," ते म्हणाले. "सोमवारी शाळेची चाळीस पोरं येऊन राहिलीत, आणि टाकीत घासायला जरासुद्धा घाण न्हाई."