सगळ्यांनाच दिवस गेलेत

कुलथे सरांच्या दवाखान्यात मी नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझी पदवी विचारली नाही की पगाराचं विचारलं नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात मला उभं केलं आणि म्हणाले, "साळवे, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आमच्याकडे सगळ्यांनाच दिवस गेलेत, असं धरून चालायचं."

त्यांच्या शेजारी रामदासमामा उभे होते, दवाखान्यातले जुने मदतनीस. पन्नाशी उलटलेली, मिशा अशा की कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी विचार करतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी गंभीरपणे मान हलवली. म्हणाले, "व्हय मॅडम. मला बी गेलेत."

आता बोला. मी जनावरांची डॉक्टर, पुण्यात काही वर्षं काम करून आपल्या गावी परतलेली, नाना तऱ्हेचे साहेब बघितलेली. पण मिशीवाल्या गड्याला गरोदर ठरवणारा साहेब मला नगरमध्येच भेटायचा होता.

प्रकरण होतं गॅसचं. कुत्र्यामांजरांचं मोठं ऑपरेशन करताना त्यांना नळीतून भुलीचा गॅस देतात. तो सगळाच्या सगळा जनावरात राहत नाही. नळीच्या सांध्यातून थोडा निसटतो, थोडा जनावराच्या श्वासातून परत येतो, आणि टेबलाभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या छातीत जातो. कुत्र्याचं ऑपरेशन एकदाच होतं, आम्ही मात्र रोज तिथंच. त्यात एखादीला दिवस गेलेले असले, तर पोटातल्या जिवाला त्याचा धोका असू शकतो, म्हणून जपायचं असतं. हे आम्ही सगळ्यांनीच पुस्तकात वाचलेलं असतं आणि परीक्षा झाल्यावर विसरलेलंही असतं. सरांनी ते मनाला लावून घेतलं होतं.

लावून घेतलं होतं म्हणजे किती? तर दवाखाना भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी लहान. पण त्याच्या भिंतीतून एक जाडजूड पाइप बाहेर पडायचा आणि छपराच्याही वर जायचा. यंत्रातला उरलेला गॅस त्यातून बाहेर सोडायचा. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून सरांनी तो पंख्यासकट बनवून घेतला होता. त्या बिचाऱ्याला बेकरीच्या भट्टीचे पाइप करायची सवय, त्यानं तोच हिशोब इथं लावला. नव्यानं येणारे लोक खाली उभे राहून विचारायचे, इथं पाव कधी मिळतील म्हणून.

लाईट गेली की पंखा बंद, म्हणून दुसरी सोय होती. गॅस शोषून घेणारा कोळशाचा एक डबा यंत्राला जोडायचा. गॅस शोषला की डब्याचं वजन वाढतं, ठरावीक वजन झालं की डबा फेकायचा. त्यासाठी सरांनी भिंगारच्या बाजारातून वाण्याचा काटा आणला होता. रामदासमामा डबा काट्यावर ठेवायचे, चष्मा कपाळावरून खाली घ्यायचे आणि मला म्हणायचे, "मॅडम, सर म्हनतेत सगळ्यांना दिवस गेलेत. पन वजन वाढतंय ते एकट्या ह्याचंच."

सरांचं पहिलं भांडण नाकाशी होतं. मी एकदा सहज म्हटलं, "सर, काही वास तर येत नाहीये." झालं. हातातलं काम ठेवून ते माझ्याकडे वळले. "साळवे, नाक म्हणजे पंगती उठल्यावर आलेला पाहुणा. वास आला याचा अर्थ गॅस कधीचा पोटभर जेवून बसलाय. वास नाही म्हणजे गॅस नाही, असं धरून चालायचं नाही." दुसरं भांडण मास्कशी. तोंडाला फडकं बांधून आपण सुरक्षित आहोत असं कुणाला वाटलं, की ते ती दोरी बोटानं ताणून सोडायचे. "हे रक्ताचे शिंतोडे अडवतं. गॅसला हे म्हणजे उघडं फाटक."

आणि तिसरं भांडण सगळ्या जगाशी. नळी नीट बसल्याशिवाय गॅस सुरू करायचा नाही. ऑपरेशन संपलं की लगेच नळी ओढायची नाही, आधी नुसत्या ऑक्सिजननं आतला गॅस धुऊन काढायचा. कुत्रं शुद्धीवर आणायचं ते व्हरांड्यात, वाऱ्यावर, आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन "बाळा, उठ" म्हणायचं नाही. यंत्राची टाकी भरायची ती सरांनीच, सगळे घरी गेल्यावर.

एकदा मिरजगावचे एक आजोबा आपला शिकारी कारवानी कुत्रा घेऊन आले. डुकरानं त्याची मांडी फाडली होती. आजोबा काही त्याला सोडून बाहेर बसेनात. सर म्हणाले, "आत या, पण तुम्हाला दिवस गेलेत असं धरून यायचं. मी सांगेन तिथं उभं राहायचं."

आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "डाक्टर, माझं वय ऐंशीला टेकलंय."

"मग तर जास्तच जपायला पाहिजे," सर म्हणाले.

टाके काढायला आले तेव्हा आजोबा दारातूनच विचारत होते, "डाक्टर, मला कितवा लागला म्हनायचा आता?"

हसायचो आम्ही. सरांच्या माघारी तर फारच. पण हसता हसता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. सर स्वतः या गोष्टीला कधीच हसत नसत.

मग मला खरोखरच दिवस गेले.

आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, पंचांग नाही. धम्म स्वीकारला तेव्हा आजेसासऱ्यांनी ते सगळं घराबाहेर ठेवलं. पण नजर लागते, एवढं मात्र सासूबाईंनी कुठून तरी उरवून ठेवलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तीन महिने भरू दे. तवर बाहेर कुनापाशी बोलू नको. दवाखान्यात तर अजिबात नको."

मला ते सोयीचंच होतं, आणि कारण नजर नव्हतं. पुण्याला माझ्या मैत्रिणीनं तिच्या साहेबांना पेढा दिला, तर त्यांनी तोंडभर अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बिलं फाडायला बसवलं. बाळंतपणाहून परत आली तेव्हा टेबलाशी दुसरंच कुणी उभं होतं. मला चिरफाड आवडते. कुणाला हे ऐकून कसंसं होईल, पण फाटलेलं नीट शिवलं की मला जे वाटतं ते दुसऱ्या कशानं वाटत नाही. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आणि मूलही हवं होतं, फार हवं होतं.

म्हणून मी गप्प राहिले आणि कामावर गेले. सकाळी पहिलीच मांजर टेबलावर होती. मी हात धुतले, आणि पाय काही उचलेना. सरांनी एवढा पाइप बसवलाय, सांधे तपासलेत, सगळं खरं. तरी एखादा सांधा सुटला तर? विचारायचं कुणाला? ज्या तीन महिन्यांत बोलायचं नसतं, नेमकं त्याच तीन महिन्यांत सगळ्यात जास्त जपायचं असतं. हा पेच कुठल्या शहाण्यानं घातलाय कोण जाणे.

सर यंत्रापाशी उकिडवे बसले होते. रोज सकाळी ते नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावायचे आणि बुडबुडा येतो का बघायचे. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सर, मला दिवस गेलेत."

"हो हो, सगळ्यांनाच गेलेत," सर म्हणाले. "ती पक्कड दे जरा."

मी पक्कड दिली. "सर, मला खरंच गेलेत."

पक्कड हातात तशीच राहिली. सर उठले नाहीत, होते तिथंच फरशीवर मांडी घालून बसले. मला वाटलं आता अभिनंदन करतील आणि मग बिलं. मी घाईघाईनं म्हटलं, "मला टेबलावरून काढू नका सर. काय ती काळजी घेईन, पण मला काढू नका."

"तुला कशाला काढू?" ते म्हणाले. "गॅस बाहेर काढायचा असतो साळवे, बाई नाही." मग विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"घरात माहीत आहे. बाहेर तुम्हालाच पहिल्यांदा."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि परत काढला. "इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं बघ," ते म्हणाले. "कुणीच सांगत नाही. म्हणून तर धरून चालतो."

मग यंत्राकडे बघतच ते बोलत राहिले. दवाखाना नवा होता तेव्हा मदतनीस परवडत नव्हता. शैलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरातलं आवरून यायच्या आणि कुत्र्याच्या तोंडावर गॅसचा मुखवटा दाबून धरायच्या. माश्या येतात म्हणून खिडक्या बंद. यंत्र कुणाचं तरी जुनं.

"त्याच्या आधी एकदा आम्हाला वाटलं होतं, दिवस गेले म्हणून. मी वेड्यासारखे सगळ्या गल्लीला पेढे वाटले. निघालं काहीच नाही. तिला फार लाज वाटली. म्हणून पुढच्या खेपेला तिनं ठरवलं, पक्कं झाल्याशिवाय यांना सांगायचंच नाही. आणि रोज येऊन इथं मुखवटा धरत राहिली. मला कळलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. नंतर पुन्हा दिवस गेलेच नाहीत."

मी खाली त्यांच्या शेजारी बसले.

"गॅसमुळेच झालं असं मी म्हणत नाही," सर म्हणाले. "ते कुणालाच सांगता येत नाही. पण गॅसमुळे नाही झालं, असंही मला कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. मी विचारत फिरलो पुष्कळ." मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुझ्या डॉक्टरीणबाईंना इथं काय काय करतेस ते सगळं सांग. गॅस, एक्स-रे, औषधं, सगळं. काही लपवू नकोस. आणि ही मांजर मी घेतो."

त्यांनी माझं काम असं वाटून दिलं की मला टेबलही राहिलं आणि गॅसही लांब राहिला. शेळ्या-वासरांची जखम, गाठ, जे जागा बधिर करून भागतं ते माझं. गॅसच्या केसेस त्यांच्या. प्रश्न एवढाच होता की लोकांना कारण काय सांगायचं. सरांनी रामदासमामांना बोलावलं आणि म्हणाले, "मामा, अलीकडे माझा हात बसत नाही. सराव गेलाय. आता काही महिने गॅसच्या केसेस मीच करणार. साळवे बाहेर थांबेल."

मामा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, सरांचा हात गेला म्हनतेत. लई वाईट वाटलं. तुमी दारातनं लक्ष असू द्या."

ज्या माणसाचा टाका बघायला पुण्याहून पोरं यायची, त्यानं माझी गोष्ट झाकायला स्वतःचा हात बिघडवून घेतला. मामा पुढे रोज त्यांच्यासाठी बदाम भिजवून आणत होते.

त्याच दुपारी सर व्हरांड्यात शैलाकाकूंना फोन लावून उभे होते. दवाखान्याच्या खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे कुणाचं काही खासगी राहत नसे. "अगं, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. आणि थांबले. बातमी माझी होती आणि तीन महिने भरायचे होते. "नाही गं, काही नाही. जेवलीस का?"

पुढे रोज दुपारी तेच. अगं, एक सांगायचं होतं. काही नाही. जेवलीस का?

पुढचं सगळं नीट पार पडलं. माझी लेक आता दवाखान्यातल्या मांजरीची शेपटी ओढते आणि मामांच्या मिशाही. मी परत टेबलाशी आहे, माझ्याच जागेवर. पण मला सारखा आठवतो तो तीन महिने भरले त्याच्या दुसऱ्या दिवसाचा डबा.

आदल्या दिवशी मामांना सांगून झाल्यावर मी म्हटलं होतं, "सर, आता सांगा काकूंना." ते तिथूनच फोन काढत व्हरांड्यात गेले होते. या खेपेला ते इतकं हळू बोलले की काही ऐकू आलं नाही. बराच वेळ तर ते नुसता फोन कानाला धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर मोठा डबा ठेवला. सांज्याच्या पोळ्या, वर भरपूर तूप. "शैलानं दिल्यात," ते म्हणाले. "म्हणाली, दिवस गेलेत तिला द्या. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांनाच गेलेत."

मामांनी हात धुऊन केव्हाच पुढे केला होता. "मग काकू काय म्हनल्या?"

सर डब्याकडे बघत राहिले. "म्हणाली, मग तुम्हीही खा."

आणि त्यांनी एक पोळी उचलली, खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून सावकाश खाल्ली.