नवल्यांची पगारी सुट्टी

आमच्या नारायण पेठेत सुट्टीच्या दिवशी पहाटे उठणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचे शेजारी नवले. एरवी आठाशिवाय त्यांचं दार उघडत नाही. पण सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आला, की अख्खी बिल्डिंग घोरत असताना हे इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि खांद्याला ऑफिसची बॅग अशा थाटात स्कूटरला किका मारतात. जिन्यात कुणी भेटलंच तर म्हणतात, "आज सुट्टी. कामावर निघालोय. नोंद घ्यावी."

जन्मभर एका ऑफिसात लोकांच्या रजा लिहिल्या. माणूस निवृत्त झाला, जीभ झाली नाही. आमच्या हिनं चहा दिला तरी, "वहिनी, आलं उत्तम. साखर जास्त. नोंद घ्यावी." आणि ही खरंच घेते हो नोंद! मी लग्नापासून सांगतोय, माझा चहा अजून पाकासारखाच.

जळतो मी या माणसावर. आडपडदा कशाला?

मूळ कारण शेती. लोणी काळभोरला सासऱ्यांकडून आलेल्या अर्ध्या एकरात मी गुलछडी लावलीय. बांधाला लागून असलेला तुकडा नवल्यांनी खंडाने घेतला, तोही माझ्याच ओळखीनं, आणि लावली गुलछडीच. हे पीक महा हट्टी. कळी उमलायच्या आत, उजाडता उजाडता तोडावी लागते आणि रोजच्या रोज. उमलली की मार्केट यार्डात तिला कुणी विचारत नाही.

आता अशा पिकाला सुट्टी कुठून आणणार? पण नवल्यांनी पंपाच्या खोलीवर टाईप केलेला कागद डकवला. वर मथळा 'पगारी सुट्ट्या'. खाली सगळे राष्ट्रीय दिवस, पाडवा, दिवाळी, आणि कामाला शमीमबी आहे म्हणून ईदसुद्धा. शेवटी बारीक अक्षरात : 'सुट्टीला काम पडल्यास दुप्पट मजुरी अथवा बदली सुट्टी. पसंती कामगाराची.' अहो, कामाला बायका तीन, आणि तोरा कारखान्याचा!

माझ्याकडे मंदाबाई. तोडणीत तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. तो कागद तिनंही वाचला.

"काका, तिकडं सुट्टीला घरी बसून बी रोज मिळतो म्हनं."

"मग जा की तिकडं."

"जागा न्हाई वो. तिथनं कोन सोडूनच जात न्हाई."

म्हणजे जागा असती तर गेली असती! दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

परवा चौदा ऑगस्टला तिनं विचारलं, "उद्याच्याला सकाळी सुट्टी द्याल का? झेंडावंदनाला माज्या पोरीचं भाषण हाय. पयलंच."

मी म्हटलं, "गुलछडीला कळतं का पंधरा ऑगस्ट?"

"बरं," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. सुट्टी दिली, तर नवल्यांची फुलं तोडतं कोण? आपोआप उड्या मारून पाटीत पडतात? नक्की गुपचूप बायकांना बोलावत असणार आणि कागद नुसता मिरवायला. उद्या रंगेहाथ पकडायचंच. पहाटे त्यांची स्कूटर निघाली, तशी मागोमाग माझीही निघाली.

पोचलो तर त्यांच्या रानात चिटपाखरू नाही. फक्त नवले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर, कपाळाला बॅटरी बांधलेली, कमरेत वाकून कळ्या खुडतायत. बांधावर हजेरीचं मस्टर उघडं होतं. मी बेशरमपणे वाचलं. तिन्ही बायकांपुढे 'पगारी सुट्टी'. खाली चौथं नाव, सुधाकर नवले, 'बदली कामगार. हजर'.

"नवले, हे काय चाललंय?"

"फुलं थांबत नाहीत. पण माणसांनी का थांबू नये?" हात चालूच. "आमचे वडील, दादा, सालगडी होते. पाडव्याला मालकाकडे वर्ष धरायचं, ते पुढच्या पाडव्याला सुटायचं. मधे सुट्टी नाही. चौथीत माझं पंधरा ऑगस्टचं भाषण होतं. शाळेच्या कुंपणापलीकडे मालकाचं रान. दादा औत धरून तिथे. त्यांना ऐकू जावं म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. गुरुजी म्हणाले, हळू बोल गाढवा."

"मग? ऐकू गेलं?"

"विचारायचं राहून गेलं." ते पुढच्या रोपाकडे सरकले. "त्याची नोंद नाही."

बांधापलीकडे माझ्या रानात मंदाबाई तोडणी करत होती. नवीन लुगडं नेसली होती, खोचून. ते नेसून ती कामावर आली होती.

मला माझीच लाज वाटली. मी बांध ओलांडला. "मंदाबाई, जा. पळ."

"आन् फुलं?"

"मी तोडतो. रोज मिळेल तुझा. पगारी सुट्टी आहे."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, कुणी बदलून आणलंय का याला, अशी. मग पाटी टाकून जी धावली, ती वळून बघितलंसुद्धा नाही.

मी वाकलो. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागली. पाहतो तर नवले बांध ओलांडून माझ्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला, आणि अर्धी ओळ संपवून! इथेही पुढेच!

ऊन वर आलं, तेवढ्यात गावच्या शाळेचा कर्णा खरखरला. 'अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग...' एका पोरीचा चिरका आवाज, गडबडलेला, मग सावरलेला. नवल्यांनी हातातल्या कळ्या पाटीत ठेवल्या. ताठ उभे राहिले. डोळे रानाकडे.

"स्पष्ट येतोय आवाज," ते म्हणाले. "रानात सगळं ऐकू येतं."

पुढचे नेहमीचे दोन शब्द काही आले नाहीत. मी त्यांच्याकडे न बघता कळ्या खुडत राहिलो. नोंद मी घेतली.